कुत्रा की मांजर? तारापूरच्या किनाऱ्यावरचा एक जुना प्रश्न

(१)
पालघर, बोईसर, तारापूर. रेल्वेरुळांपासून समुद्रापर्यंतच्या या पट्ट्यात नव्या सदनिकेत राहायला आलेल्या कुटुंबात एक वाद हमखास रंगतो: कुत्रा पाळायचा की मांजर? वाद आवडीनिवडीचा वाटतो. इतिहासात मात्र ही निवड आवडीवर क्वचितच सोडलेली होती. घराला राखण कशाची हवी, यावर ती ठरत असे. या किनाऱ्याशी जुने नाते असलेल्या एका समाजाने कुत्र्यांसाठी १८३२ साली मुंबईचे व्यवहार थांबवले. पुढे प्लेगने साऱ्या प्रांताला मांजराचे मोल शिकवले. त्या निवडीचा हा इतिहास. थ्रेड मोठा आहे.

(२)
आधी कुत्रा. तो लांडग्याच्या कुळातला. माणूस शेती करू लागण्याच्या कितीतरी आधी, शिकारीवर जगत असतानाच, कुत्रा त्याच्या सोबतीला आला होता. जर्मनीतील बॉन-ओबरकासेल येथे सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्रा. कोवळ्या वयात तो आजारी पडला होता आणि माणसांनी त्याची शुश्रूषा केली असावी, असे त्याच्या दातांच्या अभ्यासातून दिसते. म्हणजे कुत्र्याचा करार थेट माणसाशी झाला: माग काढायचा, राखण करायची, आणि शिकारीतला वाटा घ्यायचा.

(३)
मांजर आले ते शेतीनंतर. पश्चिम आशियात धान्य साठू लागले, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी एका माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. त्या बेटावर रानमांजरे मुळात नव्हतीच. कोणीतरी ते नावेतून नेले होते. कुत्र्याने माणूस निवडला, मांजराने माणसाचे कोठार निवडले. भाषेनेही ही खूण जपली आहे. ‘मांजर’ हा शब्द संस्कृत ‘मार्जार’वरून आला, आणि त्याच्या मुळाशी ‘मृज्’ म्हणजे स्वच्छ करणे हा धातू आहे.

(४)
दैवतांच्या जगातही ही कामाची वाटणी दिसते. ऋग्वेदातील यमाचे दोन चतुरक्ष, म्हणजे चार डोळ्यांचे, कुत्रे मृतांच्या वाटेवर पहारा देतात. महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गाच्या रथात बसण्यास नकार देतो. खंडोबासोबत कुत्रा असतो, दत्तात्रेयांच्या पायांशी चार. मांजर मात्र षष्ठी देवीचे वाहन आहे, आणि षष्ठी ही नवजात बालकांची रक्षणकर्ती. कुत्रा वेशीवर आणि वाटेवर, मांजर बाळंतिणीच्या खोलीशी. एक बाहेरच्या भयावर, दुसरे आतल्या.

(५)
आता पालघरकडे. या जिल्ह्याचे दोन भाग सहज डोळ्यांत भरतात: पूर्वेचा डोंगराळ, जंगलाचा भाग आणि पश्चिमेची सपाट किनारपट्टी. पूर्वेकडे जव्हार, मोखाडा, विक्रमगड. तेथे वारली आणि इतर आदिवासींची वस्ती पाड्यापाड्यांतून विखुरलेली. कुडाची भिंत, भोवती शेत आणि पलीकडे रान. अशा घराला भय असते ते बाहेरून येणाऱ्याचे. डुक्कर शेतात शिरते, बिबट्या शेळी उचलतो. रात्री आधी जागा होतो तो कुत्रा. येथे कुत्रा हौस म्हणून नाही, पाड्याचा पहारेकरी म्हणून राहिला.

(६)
पण या पहाऱ्याची किंमत कुत्र्यालाच मोजावी लागते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला. त्यात बिबट्याने खाल्लेल्या एकूण भक्ष्याच्या वजनात कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के निघाला. पालघरचे वारली ज्या वाघोबाला पुजतात तो वाघ आणि बिबट्या या दोहोंचा देव. वाघबारशीला त्याची पूजा होते, गुराढोरांना सांभाळ असे मागणे होते. मार्जारकुळातील सर्वांत मोठा प्राणी देव्हाऱ्यात आणि कुत्रा दारात: डोंगरातली ही वाटणी भय आणि आदर यांच्या जुन्या हिशेबातून आली आहे.

(७)
पश्चिमेला चित्र पालटते. सातपाटी, नवापूर, दांडी, चिंचणी. कोळीवाड्यात घरे एकमेकांना खेटून असतात. अनोळखी माणूस वेशीवरच सगळ्यांना दिसतो. तेथे धोका आतला. मासळी वाळत घातलेली, टोपल्यांत सुके बोंबील भरलेले, आणि नायलॉन येण्याआधीच्या काळात सुताची व तागाची जाळी घरातच ठेवलेली. उंदराने एका रात्रीत जाळे कुरतडले तर हंगामाचे नुकसान. म्हणून किनाऱ्यावर मांजराला मुभा मिळाली. ते मासळी चोरते हे सर्वांना ठाऊक होते. पण मांजराची चोरी उंदराच्या नासाडीपेक्षा स्वस्त पडत होती.

(८)
दोहोंच्या मधल्या पट्ट्यात भातशेती. पिकलेले भात वर्षभर कणगीत राहायचे. बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली कणगी ओल थोपवते, उंदीर थोपवत नाही. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरी बहुधा दोन्ही प्राणी असत: अंगणात कुत्रा, माळ्यावर मांजर. कुत्र्याला भाकरीचा तुकडा ठरलेला, मांजराला ताकादुधाचा घोट. दोघांनाही घरात मान नव्हता, पण वाटा होता. ‘कुत्रा की मांजर’ हा प्रश्न अशा घरात कोणी विचारलाच नसता. तो ‘विळा की कोयता’ असे विचारण्यासारखा वाटला असता.

(९)
तारापूर गावात मात्र या निवडीला तिसरा पदर मिळाला: धर्माचा. तारापूरचा किल्ला पोर्तुगिजांकडे होता. १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजेने तो घेतला. पुढे तो विकाजी मेहेरजी या तारापूरच्या पारशी गृहस्थांकडे इनाम म्हणून आला. याच घराण्याने नंतर निजामाच्या राज्यात सावकारी केली. पारशांचे या प्रदेशाशी नाते त्याहून जुने. त्यांचे आद्य ठाणे संजाण येथून उत्तरेला, आजच्या सीमेपलीकडे आहे; आणि संकटकाळात त्यांनी पवित्र अग्नी डहाणूजवळच्या बारोटच्या डोंगरातील गुहांत जपला, अशी त्यांची परंपरा सांगते.

(१०)
जरथुश्त्री धर्मात कुत्र्याचे स्थान असाधारण आहे. ‘वेंदिदाद’ या ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात कुत्र्याला मारणे, इतकेच नव्हे तर त्याला निकृष्ट अन्न घालणे हाही अपराध ठरवला आहे. तेथेच कुत्र्याच्या अंगी आठ स्वभाव सांगितले आहेत: तो पुरोहितासारखा, योद्ध्यासारखा, गुराख्यासारखा, आणि लहान मुलासारखाही. माणूस वारला की त्याच्या देहासमोर कुत्रा आणला जाई. या विधीचे नाव ‘सगदीद’, म्हणजे कुत्र्याची दृष्टी. त्यासाठी डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा उत्तम मानला जाई. यमाचे चतुरक्ष कुत्रे येथे पुन्हा भेटतात. भारत आणि इराण यांचा हा सामाईक वारसा.

(११)
मांजराला त्या परंपरेत मान नव्हता. पहलवी ग्रंथांनी त्याला लांडग्याच्या, म्हणजे अनिष्ट शक्तीने निर्मिलेल्या कुळात बसवले. तरीही इराणच्याच ‘शाहनामा’त एक कथा येते. खुस्रो परवेझ याला रय हे शहर उद्ध्वस्त करायचे होते. त्याने सैन्य धाडले नाही. एक कपाळकरंटा अधिकारी नेमला. त्या अधिकाऱ्याने दोनच गोष्टी केल्या: छपरांची पन्हळे काढायला लावली आणि मांजरे मारायला लावली. पावसाने घरे कोसळू लागली, उंदरांनी शहर पोखरले आणि लोक परागंदा झाले. अखेर गुर्दिया या स्त्रीने सजवलेले मांजराचे पिल्लू राजासमोर आणून त्याला हसवले आणि शहर वाचवले. धर्माने मांजर नाकारले, पण राज्यकारभाराला त्याची किंमत कळत होती.

(१२)
याच किनाऱ्यावर पारशांच्या शेजारी मुसलमान वस्ती आहे, आणि त्यांची निवड बरोबर उलटी. कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे. त्या परंपरेत कुत्र्याची लाळ अपवित्र. त्याने तोंड लावलेले भांडे सात वेळा धुवायचे. शिकार, गुरे आणि शेत यांच्या राखणीसाठी मात्र कुत्रा ठेवण्यास मुभा. मांजर घरात सहज वावरणारे म्हणून त्याच्या तोंडचे पाणी अपवित्र नाही. म्हणजे एकाच किनाऱ्यावर एका घरी कुत्रा पवित्र, दुसऱ्या घरी मांजर निर्दोष. दोन्ही घरे आपापल्या जागी सुसंगत होती. शेजारधर्म असा की एकाचे पवित्र दुसऱ्याने मारायचे नाही. हा अलिखित नियम एकदा मोडला गेला. तो मोडणारे शेजारी नव्हते, सरकार होते.

(१३)
मुंबई, जून १८३२. मोकाट कुत्रे ठार मारण्याचा इंग्रज सरकारचा नियम जुनाच होता. वर्षातील ठरावीक दिवसांत तो अमलात येई. त्या वर्षी मुदत वाढवली गेली. प्रत्येक मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. बक्षिसाच्या लोभाने पाळलेले कुत्रेही घरात शिरून मारले जातात, अशी तक्रार होऊ लागली. त्यातच पारशांचा सणाचा दिवस आला. ६ जूनला कोटात पारशी जमाव शिपायांवर चालून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. जैन, हिंदू आणि इस्माइली मुसलमानही बंदात उतरले. लष्कराच्या छावणीत जाणारी पाव, मांस आणि पाण्याची रसद अडवली गेली. शेवटी सैन्य रस्त्यावर आले आणि धरपकड झाली.

(१४)
दंगल मोडली, पण प्रश्न सुटला तो अर्जविनंत्यांनी. जमशेटजी जिजीभॉय यांच्यासारख्या प्रतिष्ठितांनी मध्यस्थी केली. कुत्रे ठार न मारता शहराबाहेर नेऊन सोडावेत, अशी तडजोड निघाली. इतिहासाच्या पुस्तकांत ही घटना ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणून गमतीने सांगितली जाते. तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र गमतीचा नव्हता. इंग्रजी कायद्याला दोनच प्रकार ठाऊक होते: मालकाचा कुत्रा आणि बेवारस कुत्रा. येथल्या गल्लीत तिसरा प्रकार होता. कोणा एकाच्या मालकीचा नसलेला, पण साऱ्या आळीने पोसलेला. त्या कुत्र्यासाठी कायद्यात शब्दच नव्हता, आणि ज्याला शब्द नाही त्याला मारणे सोपे जाते.

(१५)
चौसष्ट वर्षांनी मांजराची पाळी आली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मुंबई आणि सुरत यांना जोडणारी रेल्वे १८६४ पासून पालघरच्या पट्ट्यातून धावत होती. तिच्या डब्यांतून माणसे शहर सोडून पळू लागली. १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, घरझडत्या सुरू झाल्या. रोग कसा पसरतो हे तेव्हा नीट ठाऊक नव्हते. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरील पिसवांकडे बोट दाखवले. पुढे प्लेग आयोगाच्या मुंबईतील प्रयोगांनी ते सिद्ध केले. कणगीतला उंदीर आता केवळ धान्याचा चोर राहिला नव्हता.

(१६)
वऱ्हाडात, अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी एक साधी गोष्ट केली: गावांतील मांजरे मोजली. जेथे निम्म्या किंवा त्याहून अधिक घरांत मांजर होते, ती गावे प्लेगपासून बहुतांशी बचावली, असा त्यांचा निष्कर्ष. १९०८ मध्ये त्यांचा लेख ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याच वर्षी जपानला गेलेल्या रॉबर्ट कॉख यांनीही मांजरे पाळण्याचा पुरस्कार केला. हा उपाय अपुरा होता. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यामार्फत तो माणसापर्यंत पोहोचू शकतो. पण आजीबाईच्या माळ्यावरचे मांजर प्रथमच सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत आले, ही नोंद महत्त्वाची.

(१७)
कुत्र्याच्या पारड्यातही असेच एक जड वजन आहे: रेबीज. १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये पहिल्यांदा माणसाला लस दिली. १९०० मध्ये कसौली येथे पाश्चर संस्था उभी राहिली. कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांसाठी तेव्हा थेट हिमालयाच्या पायथ्याचा प्रवास करावा लागे. १९११ च्या सेंपल लशीने उपचार जवळ आणले. पोटात घ्यायच्या चौदा सुयांची धास्ती घरोघरच्या आठवणीत आहे ती याच लशीची. भारतात तिचा वापर २००५ च्या सुमारास थांबला. आज दंडात घ्यायच्या थोड्या मात्रा पुरतात. मात्र एक गैरसमज टिकून आहे. रेबीज मांजराच्या चाव्यातूनही होतो. लस दोघांनाही लागते.

(१८)
मग केवळ हौसेसाठी जनावर पाळण्याची कल्पना कोठून आली? राजेरजवाड्यांत ती जुनी. १७३९ ची मोहीम ज्यांच्या नावे लढली गेली त्या छत्रपती शाहू महाराजांचा ‘खंड्या’ हा लाडका कुत्रा. त्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे. मुधोळच्या घोरपडे राजांनी आपल्या शिकारी कुत्र्यांची जोडी इंग्लंडच्या राजाला भेट दिली. पण ‘जात’ पाहून, कागद पाहून जनावर विकत घेण्याची रीत व्हिक्टोरियन इंग्लंडची. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले. १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला. तेव्हापासून जनावराचे मोल त्याच्या कामावरून नव्हे, रूपावरून ठरू लागले.

(१९)
तारापूरला हे सारे बदल एका पिढीत पोहोचले. १९६९ मध्ये येथील अणुवीज केंद्र सुरू झाले. बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली. २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत आल्या, २०१४ मध्ये पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. भातखाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. सदनिकेत कणगी नाही, जाळे नाही, गोठा नाही. वेशीवरचा पहारा सुरक्षारक्षकाकडे गेला, उंदराचा बंदोबस्त औषध फवारणाऱ्याकडे. दोन्ही प्राण्यांची नोकरी एकाच वेळी गेली. त्यातले काही घरात आले आणि ‘पाळीव’ झाले. उरलेले रस्त्यावर राहिले आणि ‘भटके’ झाले. प्राणी तेच, करार मोडला होता.

(२०)
कायदा हा करार नव्याने लिहू पाहतो आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, २००१ चे आणि नंतर २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम. ठार मारण्याऐवजी निर्बीजीकरण करा, रेबीजची लस द्या आणि त्याच जागी परत सोडा, हे त्यांचे सूत्र. १८३२ च्या तडजोडीपेक्षा ते एक पाऊल पुढे आहे. शहराबाहेर नेऊन सोडलेला कुत्रा परत येतो किंवा त्याची जागा दुसरा घेतो, एवढे अनुभवाने शिकवले. पण चावा बसलेल्या मुलाच्या आईला सूत्र पुरत नाही. लस आणि शस्त्रक्रिया वेळेवर व्हाव्या लागतात. कुत्रीला किंवा मांजरीला पिल्ले होण्यास जेमतेम दोन महिने लागतात. नगरपालिकेच्या निविदेला त्याहून अधिक.

(२१)
आता बोईसरच्या त्या सदनिकेतला वाद. पूर्वी घराची गरज पाहून जनावर निवडले जाई. आता जनावराची गरज पाहून घराने स्वतःला तपासायचे आहे. पहाटेच्या गाडीने मुंबईला जाऊन रात्री परतणारे, किंवा कारखान्यात पाळ्यांमध्ये राबणारे कुटुंब असेल, तर दिवसभर एकटा पडलेला कुत्रा भुंकून साऱ्या मजल्याला ते सांगेल. मांजर दिवसाचा बराच भाग झोपते. त्याला एकांत सोसतो, पण उघड्या खिडकीला जाळी हवी. घरी वडीलधारे असतील, दोन वेळा फिरवणारे कोणी असेल, तर कुत्र्याइतका सोबती नाही. बर्फाळ प्रदेशातला दाट केसांचा कुत्रा मात्र या दमट किनाऱ्यावर आणणे ही हौस नव्हे, शिक्षा आहे. गावठी कुत्रा या हवेला शतकानुशतके सरावलेला आहे.

(२२)
दोघांचेही आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे. म्हणजे आज आठवीत असलेला मुलगा ज्या पिल्लासाठी हट्ट धरतो, ते त्याच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांपर्यंत घरात असेल. जुन्या घरात हा प्रश्न नव्हता. काम होते तोवर वाटा होता, आणि काम पिढ्यान्‌पिढ्या होते. आज वाटा कामातून येत नाही. तो फक्त माणसाच्या शब्दावर टिकतो.

(२३)
मराठीत याचे उत्तर एका क्रियापदात आहे. जनावर ‘पाळतात’. व्रत पाळतात, पथ्य पाळतात, वेळ पाळतात, शब्दही पाळतात. या भाषेने प्राणी सांभाळणे आणि वचन सांभाळणे यांसाठी वेगळे शब्द केले नाहीत. तारापूरच्या पारशाने कुत्रा पाळला तो धर्म म्हणून, कोळिणीने मांजर पाळले ते जाळ्यासाठी, वारल्याने कुत्रा पाळला तो पाड्यासाठी. तिघांनीही आपापला करार पाळला. कुत्रा की मांजर, हे पुढचे. आधी, पाळता येईल का?